नाव कुणाचे, पत्ता कुठला, पैसा कुणाचा?

प्रश्न : मी फार्म-डी ही औषधशास्त्रातली पदवी घेतली आहे. गोव्यातल्या एका इस्पितळात गरोदरपणी अपस्माराची औषधे घेणाऱ्या बायकांवर अभ्यास झाला, त्यावर मी दीड वर्ष काम केले. सुमारे तीनशे केसपेपर मीच वाचले. कुठल्या बाईने कुठले औषध कुठल्या आठवड्यात किती घेतले हे मीच ठरवले आणि पद्धतीचा भागही मीच लिहून दिला. आता सहा महिने मी वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत ड्रग सेफ्टी विभागात नोकरीला आहे. ही कंपनी लेव्हेटिरॅसिटाम हे अपस्माराचे औषध बनवते. परवा लेखाचा मसुदा आला. आठ लेखकांत माझे नाव सातवे आहे आणि पत्ता फक्त नव्या कंपनीचा. दुसरे नाव विभागप्रमुखांचे, त्यांनी परवानगीपत्रावर सही केली एवढेच. लेबर रूममधल्या ज्या सिस्टरनी प्रत्येक बाळ तपासून नोंद केली, त्या कुठेच नाहीत. फंडिंगच्या ओळीत ‘काही नाही’ असे लिहिले आहे. पण डेटा एंट्री करणाऱ्या मुलाचा पगार अपस्माराची औषधे विकणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीच्या ‘शैक्षणिक अनुदाना’तून होत असे. तीच कंपनी आता इंग्रजी नीट करून द्यायला लेखक देऊ करते आहे. गाइड म्हणतात, ‘त्या शेवटच्या ओळी वाचतो कोण?’ मी सही करू की नको?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : सही आत्ता करू नका. भांडायचीही गरज नाही. मसुद्यातल्या चारपाच गोष्टी दुरुस्त झाल्या की सही करा, आणि त्या कशा दुरुस्त करून घ्यायच्या ते खाली सांगतो.

आधी गाइडच्या प्रश्नाबद्दल. या विषयात त्या शेवटच्या ओळी वाचल्याच पाहिजेत, आणि जाणकार त्या वाचतात. गरोदर बायकांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटायचे आणि एका गटाला संशयित औषध द्यायचे, असा प्रयोग कुणी करू शकत नाही. त्यामुळे गरोदरपणातल्या औषधांबद्दलचे आपले जवळजवळ सगळे ज्ञान नोंदींतून येते. नोंद काही स्वतः बोलत नाही. ती कुठल्या रकान्यात घालायची हे कुणीतरी ठरवते. ते कुणी ठरवले, कुणाच्या पैशावर ठरवले आणि तेव्हा ती व्यक्ती कुठे नोकरीला होती, एवढेच त्या ओळी सांगतात.

तुमच्याच कामातले एक उदाहरण घेऊ. समजा, केसपेपरवर शेवटच्या पाळीची तारीख १० जानेवारी आहे. बाई तपासणीला पहिल्यांदा आली २५ एप्रिलला, म्हणजे पंधरा आठवडे भरल्यावर. कार्डावर लिहिले आहे : लेव्हेटिरॅसिटाम ५०० मिलिग्रॅम, दोन वेळा. पण मागच्या पानाला न्यूरॉलॉजीची चिठ्ठी टाचलेली आहे. तिच्याप्रमाणे २ मार्चपर्यंत बाई व्हॅल्प्रोएट या अपस्माराच्याच दुसऱ्या औषधावर होती आणि औषध त्या दिवशी बदलले. बाळाची मज्जानलिका, म्हणजे जिच्यातून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती नळी, गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते, म्हणजे पाळीच्या तारखेपासून सहा आठवड्यांनी. या बाईच्या बाबतीत ती तारीख २१ फेब्रुवारीच्या आसपास येते. नलिका मिटली तेव्हा पोटात व्हॅल्प्रोएट जात होते. ज्याने नुसते कार्ड पाहिले, तो या गरोदरपणाची नोंद लेव्हेटिरॅसिटामच्या गटात करील. बाळाच्या पाठीच्या कण्यात दोष निघाला, तर तो चुकीच्या औषधाच्या माथी बसेल. व्हॅल्प्रोएटमुळे मोठ्या जन्मदोषांचे प्रमाण शंभरात दहाच्या आसपास जाते, नुसत्या मज्जानलिकेच्या दोषांचे शंभरात एक ते दोन, आणि डोस वाढला की धोकाही वाढतो. तीनशे केसपेपरांत अशा पाचदहा चिठ्ठ्या सुटल्या, तरी निष्कर्ष उलटा होऊ शकतो. ती चिठ्ठी उलटून पाहणाऱ्या तुम्ही होता. हे काम ‘डेटा गोळा केला’ या तीन शब्दांत मावत नाही.

आता लेखक कुणाला म्हणायचे ते पाहू. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, जिला सगळे आयसीएमजेई म्हणतात, तिचे चार निकष आहेत आणि चारही पुरे व्हावे लागतात. अभ्यासाची कल्पना, आखणी, माहिती मिळवणे, विश्लेषण किंवा अर्थ लावणे यांपैकी कशात तरी भरीव वाटा असावा. मसुदा लिहिण्यात किंवा त्यात विचारपूर्वक दुरुस्ती करण्यात हात असावा. छापायच्या अंतिम प्रतीला मान्यता दिलेली असावी. आणि लेखातल्या कुठल्याही भागाबद्दल शंका निघाली, तर तिचा तपास होऊन उत्तर मिळेल याची जबाबदारी घेतलेली असावी. हा चौथा निकष २०१३ मध्ये आला. तुमचे पहिले दोन पुरे झालेले आहेत आणि उरलेले दोन सही करताना पुरे होतील. त्यामुळे तुम्ही लेखक आहात, हा प्रश्न मिटला.

विभागप्रमुखांचे तसे नाही. विभागाची सर्वसाधारण देखरेख, परवानगी, प्रशासकीय मदत, पैसा मिळवून देणे यांपैकी एकट्या कशानेही माणूस लेखक होत नाही, हे त्याच समितीने स्पष्ट लिहून ठेवले आहे. अशांची जागा आभारात. पण हे सरांना तोंडावर सांगायचे कुणी? कुणी सांगू नये. जर्नलचा अर्ज ते काम आपोआप करतो. आता बहुतेक जर्नले प्रत्येक लेखकाचे काम ‘क्रेडिट’ नावाच्या यादीतून भरायला लावतात. तिच्यात चौदा भूमिका आहेत : कल्पना, कार्यपद्धती, सॉफ्टवेअर, पडताळणी, विश्लेषण, तपास, साधने, डेटाची देखभाल, पहिला मसुदा, मसुद्याची दुरुस्ती, आलेख-तक्ते, देखरेख, प्रकल्पाचे व्यवस्थापन आणि निधी मिळवणे. २०२२ पासून ही यादी अमेरिकेतले अधिकृत मानक झाली आहे. तुम्ही गाइडना आणि सगळ्या सहलेखकांना एकच ईमेल पाठवा, साधारण असा :

‘जर्नलच्या अर्जात प्रत्येक लेखकाचे काम वेगळे भरावे लागते. माझ्यापुढे मी कार्यपद्धती, तपास, डेटाची देखभाल आणि पहिल्या मसुद्यातला पद्धतीचा भाग असे लिहिले आहे. आपापले काम कृपया येत्या शुक्रवारपर्यंत कळवावे. सरांपुढे काय लिहायचे ते त्यांना विचारून कळवावे. सगळ्यांचे आले की तक्ता पूर्ण करून पाठवते.’

यात आरोप नाही आणि कुणाचे नावही कापलेले नाही. पण ज्याच्यापुढचा रकाना रिकामा राहतो, त्याला तो दिसतो. एक वाट प्रामाणिक आहे आणि ती सरांसाठी उघडी ठेवा. त्यांना तक्ते पाठवा आणि निष्कर्षांवर बसून चर्चा करायला वेळ मागा. अपस्माराच्या रुग्णांचा त्यांना अनुभव असेल, तर अर्थ लावण्यात ते खरोखरच भर घालू शकतील, आणि मग मसुदा वाचून दुरुस्त्याही सुचवतील. तसे घडले तर त्यांचे नाव रास्त आहे. नाही घडले, तर आभारात ‘प्रशासकीय सहकार्य’ म्हणून. फक्त ‘देखरेख’ हा एक रकाना भरून दुसऱ्या क्रमांकावर बसवणे हे दान आहे, आणि ते दान तुमच्या खिशातून जाते आहे.

पण या चौदा भूमिकांवरही थांबू नका. ही यादी सगळ्या विज्ञानशाखांसाठी केलेली आहे. गरोदरपणातल्या औषधांच्या अभ्यासात ज्यावर सगळे उभे राहते, ती दोनतीन कामे तिच्यात नावाने नाहीत. म्हणून तक्त्याखाली दोन वाक्ये मोकळ्या मजकुरात घाला. औषधाचे नाव, डोस आणि आठवडे कुणी ठरवले, कशावरून ठरवले आणि दुसऱ्या कुणी त्यातले काही केसपेपर स्वतंत्रपणे तपासले का, हे एका वाक्यात. बाळातला दोष ‘मोठा’ की ‘किरकोळ’ हे कुणी ठरवले आणि ठरवताना त्या व्यक्तीला आईचे औषध माहीत होते का, हे दुसऱ्यात. आईला व्हॅल्प्रोएट चालू होते हे ज्याला ठाऊक आहे, तो डॉक्टर बाळाचे टाळू आणि पाठ जास्त निरखून पाहतो. लबाडी म्हणून नव्हे, काळजी म्हणून. पण त्यामुळे एका गटातले बारीक दोष सापडतात आणि दुसऱ्यातले सुटतात. दोष ठरवणाऱ्याला औषध माहीत होते, असे असेल तर तसेच लिहा. जर्नलचे परीक्षक त्यावर टीका करतील, पण लपवलेले सापडले तर लेखच परत येईल.

आणखी एक गोष्ट तपासा, कारण ती तुमच्याच जबाबदारीच्या भागात येते. अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत मोठा दोष दिसला आणि आईवडिलांनी गर्भपाताचा निर्णय घेतला, तर ती केस लेबर रूमच्या रजिस्टरात कधीच येत नाही. ती गर्भपाताच्या वेगळ्या रजिस्टरात जाते, आणि ते रजिस्टर कायद्याने गोपनीय असते. नुसते लेबर रूमचे रजिस्टर पाहिले असेल, तर सगळ्यात गंभीर दोषच मोजणीतून गळले. ते गोपनीय रजिस्टर पाहिले असेल, तर कुणी पाहिले आणि एथिक्स कमिटीच्या परवानगीत त्याचा स्पष्ट उल्लेख आहे का, हे लेखात हवे. दोन्हींपैकी काय झाले ते तुम्हालाच माहीत असणार. बाकीच्या सातांपैकी कितीजणांना माहीत असेल, शंकाच आहे.

सिस्टरबद्दल तुम्ही आपणहून विचारलेत हे फार बरे केले. बोट्स्वानात ‘त्सेपामो’ नावाचा मोठा अभ्यास चालतो. तिथे प्रशिक्षित परिचारिका प्रत्येक बाळ जन्मल्यावर वरून खालपर्यंत तपासतात. दोष दिसला तर आईच्या परवानगीने फोटो काढतात आणि तो तज्ज्ञाकडे जातो. २०१८ मध्ये त्यांना एचआयव्हीवरचे डोल्युटेग्राविर हे औषध गर्भधारणेच्या वेळी घेणाऱ्या ४२६ आयांच्या बाळांपैकी चार बाळांत मज्जानलिकेचे दोष दिसले, म्हणजे ०.९४ टक्के. जगभर औषधाच्या वापरावर सावधगिरीचे इशारे निघाले. पुढच्या वर्षी आकडा १,६८३ मध्ये पाच असा झाला, म्हणजे ०.३० टक्के, आणि जागतिक आरोग्य संघटनेने ते औषध पुन्हा सगळ्यांसाठी पहिल्या पसंतीचे ठरवले. चार बाळांवर देशोदेशींचे धोरण हलले. ती चार बाळे पहिल्यांदा ओळखणारे हात परिचारिकांचे होते. तुमच्या तीनशेत तर प्रत्येक बाळाचे वजन त्याहून जास्त.

तेव्हा सिस्टरना कुणी परस्पर आभारात ढकलण्याआधी त्यांना विचारा. ‘भरीव वाटा’ हा पहिला निकष त्यांनी पुरा केला आहे. ज्याने तो पुरा केला, त्याला मसुदा वाचायची, सुधारायची आणि मान्य करायची संधी द्यायला हवी. उरलेले निकष माणसाला बाहेर ठेवण्यासाठी वापरू नयेत, असेही तीच समिती सांगते. बाळांच्या तपासणीचा परिच्छेद छापून त्यांना द्या. घरी मराठीतून समजावून सांगावा लागला तर तसा सांगा. त्यांनी वाचला, चूक दाखवली आणि जबाबदारी घ्यायला तयार झाल्या, तर त्या लेखक आहेत. पदवी कुठली, हा प्रश्न कुठल्याच निकषात नाही. त्यांना ती जबाबदारी नको असेल, तर आभारात पूर्ण नाव, हुद्दा आणि नेमके काम. ‘लेबर रूमच्या कर्मचाऱ्यांचे आभार’ हे पुरेसे नाही.

आता पैसा. मसुद्यातले ‘काही नाही’ हे खोटे आहे आणि ते बदलल्याशिवाय सही करू नये, एवढ्या ठामपणे आम्ही दुसऱ्या कुठल्याच मुद्द्यावर बोलणार नाही. अनुदानाला ‘शैक्षणिक’ म्हटले म्हणून ते निधी व्हायचे राहत नाही. डेटा एंट्रीवाल्याचा पगार, लॅपटॉप, सॉफ्टवेअरचा परवाना, फुकट दिलेल्या गोळ्या, परिषदेला जायचे तिकीट, कंपनीने पुरवलेला लेखक : या लेखासाठी जे जे आले ते सगळे लिहायचे, मग ते कितीही वर्षांपूर्वी आलेले असो. आयसीएमजेईच्या जाहीरनाम्याच्या फॉर्मात चालू लेखासाठीच्या मदतीला काळाची मर्यादा नाही. बाकीच्या संबंधांना, म्हणजे मानधन, सल्लागारी, प्रवासखर्च, शेअर वगैरेंना, मागच्या ३६ महिन्यांची आहे. लेखकांना हे दोन रकाने एकच वाटतात आणि ‘तीन वर्षे होऊन गेली’ म्हणून अनुदान सुटते. तुमच्या गाइडचे कदाचित तसेच झाले असेल, आधी तेच धरून चाला.

कंपनीचा पैसा आहे म्हणून अभ्यास वाईट, असेही नाही. उत्तर अमेरिकेत अपस्माराच्या औषधांची गरोदरपणातली नोंदवही १९९७ पासून बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधून चालते. तिला अनेक औषध कंपन्यांनी मिळून पैसा दिला आहे आणि व्हॅल्प्रोएटविरुद्धचा भक्कम पुरावा देणाऱ्यांत ती आहे. एखादे नवे औषध बाजारात आले की नियामकच कित्येकदा कंपनीला गरोदरपणातला अभ्यास करायला सांगतात. मग खर्च कंपनीचाच असणार. फरक पडतो तो आकडे कधी जाहीर करायचे आणि मजकुरावर शेवटचा शब्द कुणाचा यात. त्या नोंदवहीत स्वतंत्र शास्त्रीय समिती आहे. तुमच्याकडे तसे काही नसेल, तर निदान एक नेमके वाक्य हवे. असे लिहा : ‘डेटा एंट्री सहायकाचे वेतन अमुक कंपनीच्या शैक्षणिक अनुदानातून देण्यात आले. अभ्यासाची आखणी, माहितीचे संकलन, विश्लेषण, अर्थ लावणे, लेखन आणि लेख पाठवण्याचा निर्णय यांत कंपनीचा सहभाग नव्हता.’ या सहा गोष्टींपैकी एक जरी खरी नसेल, तर ती वगळा आणि काय सहभाग होता ते सांगा. निरीक्षणात्मक अभ्यासांसाठीच्या स्ट्रोब यादीत शेवटचा, २२ वा मुद्दा नेमका हाच आहे : पैसा कुणाचा आणि देणाऱ्याची भूमिका काय. तुमचा अभ्यास आधीच्या एखाद्या रजिस्टरावर उभा असेल, तर त्या रजिस्टराचा पैसाही त्यात मोडतो.

तुमची नोकरी हा वेगळा, पण तेवढाच महत्त्वाचा भाग. अभ्यासाचा निधी स्वच्छ असला तरी लेखकांचे वैयक्तिक संबंध सांगावे लागतात. २००६ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी नियतकालिकात गरोदरपणात नैराश्याची औषधे थांबवण्याबद्दलचा एक अभ्यास आला. पैसा सरकारी संस्थेचा होता, तो लिहिलेलाही होता. पण बऱ्याच लेखकांचे त्या औषधांच्या कंपन्यांशी असलेले संबंध लिहिलेले नव्हते. काही महिन्यांत ते वृत्तपत्रांत आले आणि नियतकालिकाला दुरुस्ती छापावी लागली. अभ्यासातले आकडे बाजूला राहिले, चर्चा लपवाछपवीची झाली. तुम्ही असे लिहा : ‘माहितीचे संकलन पूर्ण झाल्यानंतर ही लेखिका लेव्हेटिरॅसिटाम बनवणाऱ्या अमुक कंपनीत रुजू झाली. कंपनीचा या अभ्यासाशी संबंध नाही.’ शेअर किंवा शेअरचे पर्याय मिळाले असतील तर तेही. घरातले कुणी औषध कंपनीत असेल, आणि वेर्णा, कुंडई, पिळर्ण या वसाहती पाहता गोव्यात ते असतेच, तर जर्नलचा नियम वाचा. काही जर्नले कुटुंबाबद्दल विचारतात, काही विचारत नाहीत. रकाना नसला तरी एक ओळ लिहिल्याने नुकसान होत नाही.

सही करण्याआधी नव्या कंपनीकडून लेखी परवानगी मात्र घ्या. तुमच्या नेमणूकपत्रात प्रकाशनाचे कलम असण्याची शक्यता दाट आहे. ईमेलमध्ये एवढेच सांगा की हे जुने काम आहे, कंपनीच्या सेफ्टी डेटाबेसमधले काहीही यात नाही. कंपनीने मसुदा पाहायला मागितला, तर माहितीसाठी द्यायला हरकत नाही. त्यांनी बदल सुचवले, तर ते परस्पर करू नका, गाइडकडे पाठवा. आणि त्यातला एकही स्वीकारला गेला, तर वरचे ‘संबंध नाही’ हे वाक्य बदलावे लागेल.

इंग्रजी नीट करून देणाऱ्या लेखकाची गोष्ट वाटते तितकी साधी नाही. रजोनिवृत्तीतल्या हार्मोन गोळ्यांच्या बाबतीत वायथ कंपनीने ‘डिझाइनराइट’ नावाच्या लेखनसंस्थेला पैसे देऊन लेख लिहवून घेतले आणि ते प्राध्यापकांच्या नावाने छापून आले. त्याची कागदपत्रे २००९ मध्ये खटल्यातून बाहेर पडली. लेखकाची मदत घेणे गुन्हा नाही. ती लपवली की घात होतो. घेतलीत तर त्या व्यक्तीचे नाव आणि तिला पैसे कुणी दिले हे आभारात हवे, आणि मग ‘लेखनात कंपनीचा सहभाग नव्हता’ हे वाक्य टाकता येणार नाही. आमचा सल्ला : नको म्हणून सांगा. भाषा दुरुस्त करणारा स्वतः पैसे देऊन गोव्यातही मिळतो. एआयची मदत घेतलीत तर तेही लिहायचे. एआयला लेखक म्हणता येत नाही, हे आयसीएमजेईने २०२३ पासून सांगितलेले आहे.

ही सावधगिरी कशासाठी, तर एका शब्दासाठी : ‘सुरक्षित’. तुमच्या तीनशेपैकी, समजा, साठ बायका एका औषधावर होत्या आणि एकाही बाळात मोठा दोष नाही. कंपनीचा लेखक लिहील, ‘औषध गरोदरपणात सुरक्षित आढळले.’ पण शून्य घटना दिसल्या की ९५ टक्के खात्रीने सांगता येणारी वरची मर्यादा काढायचा सोपा हिशेब आहे : तीनला एकूण संख्येने भागा. तीन भागिले साठ म्हणजे पाच टक्के. औषध न घेणाऱ्या बायकांतही शंभरात दोन ते तीन बाळांत मोठे दोष असतातच. म्हणजे तुमच्या साठांवरून, औषध धोका जवळजवळ दुप्पट करत असले तरी ते दिसणार नाही. ‘साठ गरोदरपणांत मोठा दोष आढळला नाही, ही संख्या धोका नाकारण्यास अपुरी आहे,’ एवढेच लिहिता येते. हे वाक्य कुणी बदलले, तर अंतिम प्रत मान्य करू नका.

अंतिम प्रतीची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. गरोदरपणी घेतल्यास बाळात गंभीर जन्मदोष निर्माण करणाऱ्या थॅलिडोमाइड या औषधाचा इशारा १९६१ मध्ये देणारे ऑस्ट्रेलियाचे डॉ. विल्यम मॅकब्राइड यांनी १९८२ मध्ये दुसऱ्या एका औषधाबद्दल सशांच्या गर्भावरचा अभ्यास छापला. त्यावर दोन तरुण सहकाऱ्यांची नावे होती. छापलेले आकडे आपण नोंदवलेल्या आकड्यांशी जुळत नाहीत, हे त्या दोघांना लेख आल्यावर कळले. चौकशी झाली आणि १९९३ मध्ये मॅकब्राइड यांचे नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढले गेले. अशा वेळी मूळ नोंदीच उपयोगी पडतात. म्हणून तुम्ही कोडिंगची शीट, म्हणजे केसपेपरांवरून भरलेला तक्ता, ती कुठल्या नियमाने भरली त्याची टिपणे आणि मसुद्याच्या प्रत्येक प्रतीची तारीख स्वतःकडे ठेवा. मात्र रुग्णांची नावे किंवा केसपेपर नंबर असलेली फाइल घरी नेऊ नका, ती इस्पितळातच राहू द्या. मान्यता देताना ‘ठीक आहे सर’ असा व्हॉट्सअॅप पुरत नाही. ‘अमुक तारखेची प्रत वाचली, तक्त्यांतले आकडे माझ्या शीटशी ताडून पाहिले, मान्य आहे’ असा ईमेल करा.

पत्त्याचे काम सोपे आहे. काम जिथे झाले ती संस्था मुख्य पत्ता. आत्ताची नोकरी ‘सध्याचा पत्ता’ म्हणून तळटीपेत. आत्ता फक्त कंपनीचा पत्ता छापला, तर वाचणाऱ्याला हा कंपनीचा अभ्यास वाटेल. फक्त इस्पितळाचा छापला, तर तुमची नोकरी लपवल्यासारखे होईल. दोन्ही हवेत. संस्थेचे नाव सगळ्या लेखकांनी एकाच पद्धतीने आणि पूर्ण लिहायचे. उदाहरणादाखल : फार्माकॉलॉजी विभाग, गोवा मेडिकल कॉलेज, बांबोळी, गोवा ४०३२०२. आपण बोलताना गोमेकॉ म्हणतो, कागदावर जीएमसी लिहितो, पण जीएमसी म्हटले की नागपूरचेही येते आणि जम्मूचेही, आणि शोधयंत्रात लेख भलत्याच संस्थेच्या खात्यात जातो. एथिक्स कमिटी ज्या संस्थेची, ती संस्था पत्त्यांत दिसली पाहिजे, नाहीतर परीक्षक विचारतात. ऑर्किड हा संशोधकाची ओळख सांगणारा सोळा अंकी क्रमांक काढा, तो फुकट मिळतो. गोव्यात ‘एस. नाईक’ किती आहेत ते सांगायला नको, आणि लग्नानंतर आडनाव बदलले तरी क्रमांक तोच राहतो.

नावांच्या क्रमाला असा पक्का नियम नाही, तो सगळ्यांनी मिळून ठरवायचा. पण तक्त्यात चार भूमिका असलेली व्यक्ती सातवी आणि एक भूमिका असलेली दुसरी, हे तक्ता पाहिल्यावर गाइडनाच खटकेल. पहिले नाव तुम्हाला हवे असेल तर तसे स्पष्ट सांगा आणि पहिला मसुदा पूर्ण करायची जबाबदारी घ्या. बाकीचा मसुदा गाइडनी लिहिला असेल, तर दुसरे किंवा तिसरे नाव मागणे रास्त. हे सगळे लेख पाठवण्याआधी व्हायला हवे. एकदा पाठवला की नाव घालायला, काढायला किंवा क्रम बदलायला सगळ्या लेखकांच्या सह्या आणि कारण लागते, आणि एकजण अडून बसला तरी लेख थांबतो. वाद झालाच तर जर्नल न्याय करत बसत नाही, ते संस्थेकडे पाठवते. तेव्हा आधी गाइड, मग संस्थेची संशोधन समिती, या क्रमाने आणि लेखी जा. तोपर्यंत लेख पाठवू नये, असेही त्याच ईमेलमध्ये लिहा.

सिस्टरकडून एक काम याच आठवड्यात करून घ्या. लेखक व्हायचे की आभारात यायचे ते त्यांना विचारा. आभार म्हणाल्या, तर नावाचे इंग्रजी स्पेलिंग त्यांच्याच हाताने लिहून घ्या आणि नाव छापायला संमती असल्याची एक ओळ व सही घ्या, कारण आभारात नाव घालायलाही त्या व्यक्तीची परवानगी लागते आणि बदली झाली की ती मिळायला महिने जातात.